‘काळजी नसावी’: पुरुष मनातले का बोलत नाहीत, आणि बोलायला कसे लागतात

सांगली जिल्ह्याच्या खानापूर तालुक्यात ज्यांचे बालपण गेले, त्यांना गलाई म्हणजे काय हे सांगावे लागत नाही. जुने दागिने, सराफाच्या दुकानातली कात्रण, एवढेच नव्हे तर तिथली झाडून गोळा केलेली धूळसुद्धा गाळून त्यातले सोने-चांदी वेगळे काढण्याचे हे काम. ते करण्यासाठी विटा, खानापूर, आटपाडी भागातली माणसे देशभर पांगली. माझे वडील, ज्यांना आम्ही तात्या म्हणत असू, त्यांपैकीच एक. ते वर्षातून एकदा गावच्या जत्रेला येत आणि एरवी त्यांचे आंतरदेशीय पत्र येई. पत्रात म्हशीच्या पेंडीचा हिशेब असे, विहिरीतल्या गाळाची चौकशी असे, सोसायटीचे व्याज भरण्याची आठवण असे, आणि शेवटी न चुकता एक वाक्य असे : ‘आम्ही इकडे खुशाल आहोत, काळजी नसावी.’ ते पत्र आजीला मोठ्याने वाचून दाखवण्याचे काम माझ्याकडे होते. जत्रेला आले की दुसऱ्या दिवशी तात्या मला विट्याला नेत, ओळखीच्या आडत दुकानातल्या धान्याच्या काट्यावर उभे करत, दुकानदाराला ‘नीट बघा’ म्हणत आणि आलेला आकडा खिशातल्या छोट्या वहीत गेल्या वर्षीच्या आकड्याखाली लिहून ठेवत. येता-जाता ते माझ्याशी फारसे बोलत नसत. ज्या माणसाचे पोट गुंजभर फरकावर अवलंबून होते, त्याची मुलाला जवळ घेण्याची ती रीत होती, हे मला स्वतःला मुलगा झाल्यावर उमगले. आणि तोवर तात्या राहिले नव्हते.

पुरुषांचे न बोलणे हा स्वभाव नसून ती शिकवण आहे, आणि जी गोष्ट शिकवता येते ती बदलताही येते, एवढेच मला या लेखात समजावून सांगायचे आहे. मात्र त्यासाठी आधी दोन शब्द वेगळे करावे लागतात. नर असणे ही शरीराची गोष्ट आहे. गुणसूत्रे, अवयव, अंतःस्राव (हार्मोन्स) यांनी ती ठरते. पुरुष असणे ही त्यावर समाजाने चढवलेली गोष्ट आहे. कोणी कसे चालावे, किती बोलावे, कशावर रागवावे, कशावर रडू नये, घरातले कोणते काम हाती घ्यावे आणि कोणत्याला हात लावू नये, हे सगळे त्यात येते. अभ्यासक पहिल्याला लिंग आणि दुसऱ्याला लिंगभाव म्हणतात. लिंग सर्व देशांत आणि सर्व काळांत बहुतांशी सारखे असते, पण लिंगभाव दर पिढीला, दर जातीला, कधी कधी दर तालुक्याला वेगळा असतो. एरवी आपल्याकडे ‘पुरुषार्थ’ या शब्दाने धर्म, अर्थ, काम आणि मोक्ष या माणसाने साधायच्या चार गोष्टी सांगितल्या जात. त्याच शब्दाचा अर्थ बोलण्यात आक्रसत जाऊन आता निव्वळ मर्दुमकीपाशी येऊन थांबला आहे.

आपण घरात पुरुषाला काय म्हणतो ते पाहिले, तर ही शिकवण कशी होते ते दिसते. सातारा-सांगलीकडे पुरुषाला ‘बाप्या माणूस’ म्हणतात, कुटुंब सांभाळणाऱ्याला ‘कर्ता’ म्हणतात, आणि जुन्या बायका नवऱ्याला ‘कारभारी’ किंवा ‘धनी’ अशी हाक मारत. मुलगा मोठा झाला हे सांगायचे तर तो ‘हाताखाली आला’ किंवा ‘कर्ता-सवरता झाला’ असे म्हणायचे. यातला प्रत्येक शब्द काही करण्याशी, सांभाळण्याशी किंवा मालकीशी जोडलेला आहे. एखादी गोष्ट मनाला लागण्याशी, घाबरण्याशी, हळवे होण्याशी जोडलेला शब्द त्यात सापडत नाही. उलट, हळवेपणासाठी जे शब्द आहेत ते सगळे शिवीसारखे वापरले जातात. पाच वर्षांचा मुलगा पडून रडू लागला की ‘पोरीवाणी काय रडतोस’, भांडणातून माघार घेतली की ‘बांगड्या भर’, आणि पुढे लग्नानंतर बायकोचे ऐकले की ‘बाईलवेडा’. या शब्दांनी एकाच वेळी दोन ठिकाणी इजा होते. मुलाला त्याच्या भावनेची लाज वाटायला लागते, आणि बाजूला उभ्या असलेल्या त्याच्या बहिणीला कळते की आपल्यासारखे असणे ही जगातली सर्वांत लाजिरवाणी गोष्ट आहे.

सातारा आणि सांगली या आपल्या दोन जिल्ह्यांत ही शिकवण आणखी पक्की होण्याला एक कारण आहे, आणि पुरुषत्वावर बोलताना ते सहसा कोणी लक्षात घेत नाही. इथला बाप पिढ्यान्‌पिढ्या घरात नव्हता. सातारा तालुक्यातल्या अपशिंगे गावाला लोक मिलिटरी अपशिंगे म्हणतात. पहिल्या महायुद्धात त्या एका गावातले ४६ जवान कामी आले. देशातली पहिली सैनिक शाळा १९६१ मध्ये साताऱ्यातच सुरू झाली. जावळी आणि पाटणच्या डोंगराळ भागातली माणसे मुंबईला जाऊन बाजारपेठांत आणि गोद्यांत पाठीवर ओझी वाहू लागली. १९६९ साली झालेला माथाडी कायदा ज्या कामगारांसाठी होता, त्यांत यांची संख्या मोठी होती. आणि पूर्वेकडच्या दुष्काळी पट्ट्यातून गलाईवाले गेले. सैनिक, माथाडी आणि गलाईवाला यांची कामे अगदी निराळी, पण मुलाच्या डोळ्यांना तिघेही सारखेच दिसत : रजेवर येणारा, पिशवीतून काहीतरी आणणारा, चार दिवस सगळ्यांनी दबकून वागावे असा आणि मनीऑर्डरच्या कागदावर सही बनून राहिलेला माणूस.

अशा घरात बाप गप्प राहत असे, त्याला कारण होते. सीमेवरच्या जवानाने भीती लिहिली असती तर घर झोपले नसते. मुंबईत दहा जणांच्या खोलीत पाळीपाळीने झोपणाऱ्या माथाडीने आपले हाल कळवले असते, तर बायकोने ते सहन कसे केले असते? ‘काळजी नसावी’ या दोन शब्दांत त्यांनी घरच्यांची काळजीच घेतली होती, आणि त्या माणसांविषयी माझ्या मनात नितांत आदर आहे. अडचण त्यानंतरची आहे. बाप दूर असल्यामुळे मुलाने पुरुष कसा असतो हे बापाला पाहून शिकले नाही. ते त्याने आजीच्या गोष्टींतून, तालमीतल्या पोरांकडून आणि पारावरच्या बढायांतून गोळा केले. मुलाने बापाचे कष्ट पाहिले नाहीत, त्याचा एकटेपणा पाहिला नाही, त्याला रडताना किंवा चुकताना पाहिले नाही. त्याला दिसले ते फक्त मौन, आणि तेच त्याने पुरुषत्व समजून उचलले. आता पत्रे संपली, प्रत्येकाच्या खिशात फोन आला, बाप रोज संध्याकाळी घरी येतो, तरी मौन मात्र तसेच चालू आहे. मुलाचा पुण्याहून फोन आला की बाप विचारतो, ‘जेवलास का? पैसे हायेत का? थांब, आईला देतो.’ माझ्या पाहण्यातल्या बहुतेक घरांत बाप-लेकाचे संभाषण एवढ्यावरच संपते, आणि आमचे घरही त्याला अपवाद नव्हते.

याच मातीतली दुसरी एक गोष्ट इथे सांगितली पाहिजे. मुलाच्या आशेवर झालेल्या नकोशा मुलींचे नाव ‘नकुशा’ ठेवण्याची पद्धत सातारा जिल्ह्यात होती, आणि २०११ च्या ऑक्टोबरमध्ये साताऱ्यात समारंभपूर्वक २८५ मुलींना नवी नावे देण्यात आली. त्या मुलींवर झालेला अन्याय उघड आहे आणि त्याची तुलना कशाशीही होऊ शकत नाही. मात्र ज्या घरात तीन बहिणींनंतर मुलगा होतो, त्या घरातल्या मुलाचाही विचार करून पाहावा. तो चालायला लागण्याआधीच घराण्याचा आधार, वंशाचा दिवा, म्हातारपणाची काठी आणि बहिणींचा पाठीराखा झालेला असतो. एवढे सगळे व्हायचे असलेल्या मुलाला ‘मला जमत नाही’ हे वाक्य कुठे आणि कोणापाशी बोलता येणार? बहिणीचे ‘नको’ असणे आणि त्याचे ‘हवा’ असणे हे एकाच व्यवस्थेतून आलेले आहे, आणि म्हणून पुरुषांनी मोकळे होण्याचा प्रश्न स्त्रियांच्या प्रश्नाच्या विरुद्ध बाजूला ठेवता येत नाही.

यावर हमखास विचारले जाते की हे सगळे अंतःस्रावामुळे नाही का, पुरुष निसर्गतःच तसा नाही का. शरीराचा परिणाम आहे, तो नाकारण्यात अर्थ नाही. पण तो एका दिशेने जात नाही. टेस्टोस्टेरॉन हा अंतःस्राव वागणूक घडवतो तसा वागणुकीमुळे स्वतःही बदलतो. फिलिपिन्समधल्या सेबू भागातल्या ६२४ तरुणांची काही वर्षांच्या अंतराने तपासणी करून २०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात असे दिसले की, बाप झालेल्या पुरुषांमधले टेस्टोस्टेरॉन इतरांपेक्षा बरेच उतरले होते, आणि जे दिवसाला तीन तास किंवा त्याहून अधिक वेळ मुलाचे करत होते, त्यांच्यात ते सर्वांत कमी होते. म्हणजे बाळाला खांद्यावर घेऊन फिरवणे, भरवणे, झोपवणे हे पुरुषाच्या शरीराच्या विरुद्ध नाही. त्याचे शरीर त्यासाठी स्वतःला जुळवून घेते. असे असूनही केंद्र सरकारच्या २०१९ च्या वेळवापर सर्वेक्षणानुसार देशातले जेमतेम २६ टक्के पुरुष दिवसभरात घरचे बिनपगारी काम करताना आढळले, आणि स्त्रियांमध्ये हे प्रमाण ८१ टक्के होते. हा फरक शरीराने पाडलेला नाही.

आता मनात काय घडते ते पाहू. सांगलीच्या माणसाला कृष्णेच्या पाण्याची भाषा पाठ असते. आयर्विन पुलापाशी पाणी ४० फुटांवर गेले की इशारा पातळी आणि ४५ वर गेले की धोका पातळी. २०१९ च्या ऑगस्टमध्ये ते ५७ फुटांच्या वर गेले तेव्हा काय झाले ते आपण भोगले आहे. त्या पुराच्या दिवसांत गल्लीतली लहान मुलेसुद्धा ‘आता किती फूट’ विचारत होती, कारण पाण्याला आकडा होता, तो कळत होता, आणि आकडा कळला की सामान केव्हा माळ्यावर टाकायचे आणि घर केव्हा सोडायचे हे ठरवता येत होते. भावनांचे नाव माहीत असणे म्हणजे मनापाशी असा पट्टा रंगवलेला असणे. मुलींना तो लहानपणापासून मिळतो. ‘तुला वाईट वाटले का’, ‘तिचा राग आला का’, ‘भीती वाटते का’ असे त्यांना विचारले जाते, मैत्रिणी एकमेकींना सांगतात, आणि हळूहळू हुरहुर, घालमेल, रुखरुख, हेवा, पश्चात्ताप यांतला फरक कळू लागतो. मुलाला असे कोणी विचारत नाही. त्यामुळे कित्येक पुरुषांना आत पाणी चढते आहे एवढे जाणवते, पण ते किती चढले आणि कशाचे आहे हे सांगता येत नाही. मानसशास्त्रात याला भावना ओळखण्याची व शब्दांत मांडण्याची अडचण म्हणतात, आणि पुरुषांमध्ये ती संगोपनातून येते असे मानणारे अनेक मानसोपचारक आहेत. अशा माणसाला ‘तुला काय वाटते’ असे विचारले की तो ‘काही नाही’ म्हणतो, तेव्हा तो लपवत असेलच असे नाही. बहुतेक वेळा त्याला ते खरोखरच दिसत नसते.

शब्द नसलेली भावना नाहीशी होत नाही, ती दुसरे रूप घेते. पुरुषाला उघडपणे दाखवता येईल अशी एकच भावना समाजाने मोकळी ठेवली आहे, ती म्हणजे राग. त्यामुळे अपमान, भीती, मत्सर, अपयश, विरह हे सगळे त्या एकाच दारातून बाहेर पडतात. कर्जाचा हप्ता थकलेला माणूस भाजीतल्या मिठावरून ताट भिरकावतो. त्याला घाबरवून टाकणारी गोष्ट बँकेच्या नोटिशीत असते आणि तिची शिक्षा घरातली बाई भोगते. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत १८ ते ४९ वयाच्या विवाहित स्त्रियांपैकी २९ टक्क्यांहून अधिक जणींनी नवऱ्याकडून हिंसा झाल्याचे सांगितले. त्या हिंसेची जबाबदारी ती करणाऱ्याचीच आहे आणि त्याच्या बालपणाचे दाखले देऊन ती कमी होत नाही. पण ती थांबवायची असेल तर ती कुठून येते हे पाहावेच लागेल.

जे आतच राहते ते स्वतःवर उलटते. त्याच सर्वेक्षणात पंधरा वर्षांवरील सुमारे १९ टक्के पुरुष दारू घेतात आणि ३८ टक्के तंबाखू खातात किंवा ओढतात असे नोंदवले आहे. स्त्रियांमध्ये हे आकडे १ आणि ९ टक्के आहेत. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या २०२२ च्या अहवालानुसार देशात त्या वर्षी १ लाख ७० हजार ९२४ जणांनी आपले जीवन संपवले, त्यांपैकी सुमारे ७२ टक्के पुरुष होते, आणि सर्वाधिक नोंदी, म्हणजे २२ हजार ७४६, महाराष्ट्रात झाल्या. मृत्यूच्या मागे एकच कारण कधीच नसते, आणि प्रत्येक पुरुष न बोलल्यामुळे गेला असे म्हणणे चुकीचे ठरेल. तरीही मर्तिकाला जमलेल्या माणसांत ‘कालच पारावर हसत होता की’ हे वाक्य मी इतक्यांदा ऐकले आहे, की न बोलण्याचा यात काही वाटा नाही असे मला म्हणवत नाही.

इथे एक कल्पना उपयोगी पडते. ऑस्ट्रेलियातल्या समाजशास्त्रज्ञ रेविन कॉनेल यांनी दाखवून दिले की पुरुषत्व एक नसते, अनेक असतात, आणि त्यांची आपसांत उतरंड असते. एखाद्या काळात, एखाद्या गावात पुरुषाचा एक नमुना सर्वांत वरचा ठरतो आणि बाकीच्या सगळ्यांना त्याच्या मापाने मोजले जाते. या नमुन्यात प्रत्यक्षात बसणारे थोडेच असतात, पण त्याच्यापुढे कमी पडल्याची भावना जवळजवळ प्रत्येकाला असते. आपल्याकडे तो नमुना कोणता आहे हे स्थळांच्या याद्या पाहिल्या की कळते : कायम नोकरी, शक्यतो पुण्यात, स्वतःचा फ्लॅट, आणि वर गावाकडे शेतीही हवी. शेती करणाऱ्या मुलाला मुलगी द्यायला कोणी तयार नाही ही तक्रार आज गावोगावी आहे. मुलींनी कष्टाच्या आणि बेभरवशाच्या संसाराला नकार देणे मला रास्तच वाटते. जन्माआधीच किती मुली नाहीशा केल्या गेल्या याचा हिशेबही त्यात आहे. पण तीस-बत्तिशीच्या ज्या मुलाला दहाव्यांदा नकार आला आहे, त्याच्यापाशी बसून ‘तुला कसे वाटते’ असे कोणी विचारत नाही. त्याला विचारतो तो मोबाइल. तिथे मोठ्या आवाजात बोलणारी माणसे त्याला सांगतात की सगळा दोष बायकांचा आहे, खरा मर्द कोणापुढे झुकत नाही, आणि पैसा, पिळदार दंड आणि गाडी असली की सारे मिळते. या बोलण्यातले उत्तर खोटे आहे, पण त्या मुलाचे दुखणे खरे आहे, आणि घरात, गावात त्याला दुसरे कोणी विचारत नसल्यामुळेच त्या आवाजाला एवढी जागा मिळते.

मोकळे होणारे पुरुष ही शहरातून किंवा परदेशातून आलेली टूम आहे, असे म्हणणाऱ्यांना मी नेहमी आपल्याच दोन जिल्ह्यांकडे पाहायला सांगतो. माउलींची पालखी नीरास्नान करून सातारा जिल्ह्यात येते, लोणंदला मुक्काम करते, तरडगावच्या वाटेवर चांदोबाचा लिंब इथे पहिले उभे रिंगण होते. तिथे कित्येक मैल चाललेले, रापलेले, दांडगे शेतकरी एकमेकांच्या पायांवर डोके ठेवतात, गळ्यात पडतात, डोळ्यांतून पाणी वाहू देतात, आणि ज्ञानेश्वरांपासून शेजारच्या अनोळखी गड्यापर्यंत प्रत्येक पुरुषाला ‘माउली’, म्हणजे आई, अशी हाक मारतात. त्यांच्या मर्दपणावर कोणी शंका घेत नाही. सांगलीत १८४३ मध्ये विष्णुदास भाव्यांनी ‘सीतास्वयंवर’ केले, तेव्हापासून मराठी रंगभूमीवर कित्येक दशके स्त्रीच्या भूमिका पुरुषांनीच केल्या; बालगंधर्वांच्या लुगडे नेसण्याच्या आणि केसांत फुले माळण्याच्या तऱ्हा घरंदाज बायकांनी उचलल्या, आणि पुरुष प्रेक्षकांनी त्यांना डोक्यावर घेतले. कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९२४ मध्ये साताऱ्यात जे वसतिगृह चालवायला घेतले, तिथे सगळ्या जातींची मुले एकत्र राहून आपली कामे आपण करत, आणि त्या मुलांच्या जेवणासाठी त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी आपले मंगळसूत्रही दिले. दळणे, रांधणे, झाडणे यांनी पुरुषपण उणावते असे मानणाऱ्या समाजात शंभर वर्षांपूर्वी हे घडले आहे. तालमीतसुद्धा, जिला आपण रांगडेपणाची शाळा समजतो, एक मल्ल दुसऱ्याचे अंग तासन्‌तास रगडून देतो आणि वस्ताद पोराच्या पोटात आज दूध गेले की नाही हे आईच्या काळजीने पाहतो. ही माया आपल्यात होती आणि आहे. तिला वारीच्या आणि तालमीच्या बाहेर, घराच्या उंबऱ्याच्या आत परवानगी नाही, एवढेच.

मग बोलायचे कसे, हा प्रश्न उरतो, आणि त्यावर मला अनुभवाने जे कळले ते सांगतो. आम्ही आठ-नऊ जण महिन्यातून एकदा संध्याकाळी एकाच्या मळ्यात बसतो. त्यात एक निवृत्त हवालदार आहे, एक हळदीच्या अडतीवर हिशेब लिहिणारा, दोन शेतकरी, एक रिक्षावाला, दोन शिक्षक. सुरुवातीचे चार महिने फक्त राजकारण आणि उसाचा दर झाला. ज्या दिवशी हवालदारांनी, इतर कोणी काही न विचारता, ‘आई गेली तवा मी बंदोबस्ताला होतो, आनि अजून मला बाराव्याचं जेवान आठवत न्हाई’ असे म्हटले, त्या दिवसापासून बोलणे बदलले. तेव्हापासून आम्ही तीनच गोष्टी पाळतो. इथे ऐकलेले बाहेर जात नाही. बोलणाऱ्याचे संपेपर्यंत कोणी सल्ला देत नाही. आणि बसताना दारू नसते. दारूवर बोललेले सकाळी ‘काल जरा जास्त झाली होती’ म्हणून पुसून टाकता येते, आणि मग ते बोलणे कोणाच्याच उपयोगी पडत नाही.

सल्ला न देणे सर्वांत अवघड जाते. आपल्याला लहानपणापासून कर्ते व्हायला शिकवलेले असते, त्यामुळे कोणी दुःख सांगितले की लगेच ते दुरुस्त करण्याची घाई होते. ‘एवढं काय मनावर घेतोस’, ‘माझं बघ’, ‘देव काहीतरी चांगलं करंल’ ही वाक्ये धीर देण्यासाठी उच्चारली जातात, पण ऐकणाऱ्याला ती ‘आता पुरे’ अशी ऐकू येतात. त्याऐवजी ‘मग पुढं काय झालं’ एवढे विचारले तरी माणूस बोलत राहतो. दुसरे असे की बहुतेक पुरुषांना समोरासमोर बसून, डोळ्याला डोळा देऊन बोलणे जड जाते. हाताला काम असले आणि दोघांची नजर तिसऱ्याच गोष्टीवर असली की जीभ सुटते. गवत कापताना, गाडी चालवताना, मोटर दुरुस्त करताना झालेले बोलणे म्हणूनच कमी दर्जाचे समजू नये. आणि या बैठकीत बायकांची निंदा सुरू झाली की आम्ही थांबतो, कारण त्यात बोलणाऱ्याचे स्वतःचे काहीच येत नाही.

मित्रांचे ऐकणे पुरेसे नसते असेही प्रसंग येतात. झोप आठवडेच्या आठवडे उडालेली असेल, कशातच रस वाटत नसेल, जगणे नको झाल्याचे कोणी बोलून दाखवत असेल, तर मानसोपचारतज्ज्ञाकडे जायलाच हवे, आणि तोपर्यंत १४४१६ या क्रमांकावर टेलि-मानस ही सरकारी सेवा विनामूल्य आणि मराठीतूनही उपलब्ध आहे. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्यानंतर, जीव देण्याचा प्रयत्न केलेल्या माणसाला गुन्हेगार न समजता तो तीव्र ताणाखाली होता असे गृहीत धरले जाते, त्यामुळे पोलिसांच्या भीतीने उपचार लांबवण्याचे कारण उरलेले नाही. ज्याच्याविषयी शंका वाटते त्याला सरळ, शांतपणे विचारावे; विचारल्यामुळे त्याच्या डोक्यात तो विचार येतो ही समजूत चुकीची आहे.

माझ्या घरातले सांगून थांबतो. टेंभू योजनेचे पाणी आल्यापासून आमच्या भावकीतही थोडा ऊस आहे. गेल्या हंगामात ट्रॅक्टरचा ड्रायव्हर आजारी पडला म्हणून मी आणि माझा मुलगा ऊस घेऊन कारखान्यावर गेलो. नंबर पहाटेशिवाय लागणार नव्हता. थंडी चांगलीच होती, पुढे-मागे ट्रॉल्यांची रांग, कुठेतरी पाचट पेटवून बसलेले लोक, आणि आम्ही दोघे ट्रॅक्टरच्या टपाखाली शेजारी शेजारी, समोरच्या ट्रॉलीकडे बघत. तो तीन वर्षे पोलीस भरतीची तयारी करतो आहे. अर्धा-पाऊण तास गप्प बसल्यावर तो म्हणाला, ‘पप्पा, ग्राउंड निघतंय, लेखीत दोन-चार मार्कांनी जातंय. आता गावात यायलाच नको वाटतं.’ ‘पुढच्या वेळी निघेल’ हे वाक्य माझ्या तोंडाशी आले होते. ते गिळले आणि विचारले, ‘कोण काय म्हणतं गावात?’ मग तो तासभर बोलला. कोण काय म्हणते, रूमवरचे दोघे भरती होऊन गेले तेव्हा काय वाटले, रात्री छाती कशी भरून येते, सारे. मी त्याला माझ्या बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षी नापास झालो होतो ते सांगितले, जे मी त्याच्या आईलाही कधी नीट सांगितले नव्हते. त्याने विचारले, ‘आजोबा काय म्हणाले मग?’ मी म्हणालो, ‘काही नाही. त्या वर्षी जत्रेला आले, तेव्हा विट्याला नेऊन माझं वजन केलं. दोन किलोनं उतरलो होतो. वहीत लिहिलं आणि परत येताना अर्धा किलो पेढे घेतले.’ तो बराच वेळ काही बोलला नाही. चार वाजता नंबर पुकारला, त्याने ट्रॅक्टर चालू करून काट्यावर घेतला.

त्यानंतर आठ-दहा दिवसांनी त्याचा पुण्याहून फोन आला. मी सवयीने जेवण विचारले, पैसे विचारले आणि म्हणालो, ‘थांब, आईला देतो.’

‘नको,’ तो म्हणाला, ‘आज तुमच्याशीच बोलायचंय.’